पोस्टमास्तरांचा अँटेना

अँटेनावाल्याला उंचीची भीती कधी वाटली नाही. चार मजली इमारतीच्या कठड्यावर एका पायावर उभा राहून तो खांबाला पट्टी आवळायचा, आणि वर शीळही घालायचा. भीती त्याला वाटायची ती एकाच माणसाची, आणि तो माणूस कायम जमिनीवर, खुर्चीत बसलेला असायचा. तो म्हणजे त्याचा सासरा.

सासरे निवृत्त पोस्टमास्तर. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेली. अर्धवट पत्ता, चुकलेला घर क्रमांक, पुसलेली शाई, कसलंही पत्र समोर टाका. पोस्टमास्तर ते चष्म्याखाली धरणार, दोनदा हुंकार देणार आणि बरोबर माणसाच्या हातात पोचतं करणार. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली तरी गल्लीतला एकही माणूस त्यांच्यादेखत पाकिटावर पत्ता लिहायला धजत नव्हता. घरात तर त्यांचा शब्द म्हणजे शिक्काच. जावयाला ते 'जावईबापू, तुम्ही' असं अगदी आदरानं बोलवत. पण तो आदर असा काही असायचा, की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

आता हा अँटेन्याचा घोळ झाला कसा, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

चौदा वर्षांपूर्वी टीव्हीचं जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि डिजिटल आलं. जुन्या काळी चित्र अंधूक का होईना, पण दिसायचं. पडद्यावरची माणसं मुंग्यांच्या वारुळातून चालल्यासारखी चालायची, पण चालायची. डिजिटलचा कारभार वेगळा. सिग्नल पुरेसा मिळाला तर चित्र लख्ख. थोडा कमी पडला की निवेदिकेच्या तोंडाचे चौकोनी तुकडे. आणि आणखी कमी पडला की सगळा ठणठणाट. त्यामुळे जो तो नव्या अँटेन्यासाठी धावत सुटला, आणि गल्लीतला पहिला अँटेना चढला पोस्टमास्तरांच्या छपरावर. लावणारा घरचाच होता. लग्नाला आठ दिवस झाले होते बिचाऱ्याच्या.

गाव दोन विभागांच्या बरोबर सीमेवर. उत्तरेच्या डोंगरावर आपल्या विभागाचा टॉवर, आणि पूर्वेला, नदीपलीकडे, शेजारच्या विभागाचा. दोन्ही टॉवरवर चॅनेल तेच, मालिका त्याच, सामने तेच. फरक काय तो संध्याकाळी साडेसहाच्या अर्ध्या तासाचा, त्या त्या विभागाच्या बातम्यांचा. नव्या जावयानं सिग्नल मोजायचं मीटर लावलं, आकडा पाहिला आणि उत्तरेकडे बोट केलं.

"टॉवर तिकडे आहे, जावईबापू," खालून पोस्टमास्तर पूर्वेकडे हात करून म्हणाले. "त्याचा लाल दिवा रोज दिसतो मला अंथरुणातून. दिशा मला शिकवू नका."

आता तुम्हीच सांगा, लग्नाला आठ दिवस झालेला माणूस सासऱ्याला दिशा शिकवेल? त्यानं ब्र काढला नाही. अँटेना पूर्वेकडे वळवला, काड्या आडव्या केल्या, चित्र लख्ख आलं, पोस्टमास्तर म्हणाले "बघा!" आणि विषय संपला.

संपला कसला! तिथूनच सुरू झाला. पुढच्या घरी गेला तर घरमालक म्हणाला, "पोस्टमास्तरांसारखा लावा." त्याच्या पुढच्या घरी तेच. बेकरीवाल्या काकूंकडे त्यानं धीर करून उत्तरेकडे लावला, तर काकू पिठाच्या हातांनी भर रस्त्यात आल्या. "सगळी गल्ली तिकडे बघतेय, आणि माझाच मेला का तोंड फिरवून बसलाय?" त्यानं मुकाट्यानं शिडी परत लावली. दोन महिन्यांत एकशे चाळीस छपरांवर एकशे चाळीस अँटेने चढले, आणि सगळ्यांची तोंडं नदीकडे.

आणि गल्लीच्या मागे एक दुखणं लागलं. बातम्यांत आपलं गाव म्हणून कधी दिसेना. नदीपलीकडचा पूल, नदीपलीकडची शाळा, नदीपलीकडच्या नगराध्यक्षांचं भाषण. इकडे पाण्याची टाकी फुटून तीन दिवस रस्त्याचा ओढा झाला, कॅमेरेवालेही येऊन गेले, तरी टीव्हीवर चकार शब्द नाही. हवामानसुद्धा तिकडचंच. टीव्हीनं पाऊस सांगितला की अख्खी गल्ली छत्र्या घेऊन कोरड्या रस्त्यानं हिंडायची. "आपल्याला कोणी वाली नाही," हे न्हाव्याच्या दुकानातलं रोजचं वाक्य झालं. पोस्टमास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यांनी लेखणी उचलली. महिन्याला एक पत्र, बातम्या संपताना पडद्यावर जो पत्ता येतो त्या पत्त्यावर, रजिस्टर करून. उत्तर दर वेळी छापील यायचं: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' ते वाचून पोस्टमास्तर पुढचं पत्र आणखी कडक लिहायचे.

खरी भानगड अँटेनावाल्याला कळली ती तिसऱ्या वर्षी. उत्तरेकडच्या एका गावात काम करून तो चहाच्या टपरीवर टेकला होता. समोर टीव्ही चालू. साडेसहा वाजले, बातम्या लागल्या, आणि पडद्यावर कोण? बेकरीवाल्या काकू! आपल्या गल्लीतल्या खड्ड्यावर ताडताड बोलत होत्या. कप ठेवून तो टीव्हीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणजे आपल्या विभागाची माणसं इमानानं येत होती, कॅमेरे लावत होती, दाखवतही होती. आणि बघायला गल्लीत एक डोळा नव्हता.

आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून तो तडक सासरी गेला. पोस्टमास्तर एकतिसाव्या पत्राला तिकीट चिकटवत होते.

"काय जावईबापू, काही काम?"

"नाही, सहज."

हे 'सहज' अकरा वर्षं चाललं. जितका उशीर होत गेला तितकं प्रकरण जड होत गेलं. नुसत्या अँटेन्याची गोष्ट असती तर एका दुपारचं काम होतं. पण आता ती होती एका पोस्टमास्तराची, ज्यानं दीडशेच्या वर पत्रं चुकीच्या पत्त्यावर टाकली होती. असल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे भर चौकात त्याची टोपी उडवण्यासारखंच. ते त्याच्यानं होईना.

मग या महिन्यात नवलच घडलं. नदीपलीकडच्या केंद्रात एक नवी मुलगी नोकरीला लागली. तिनं ती पत्रं खरोखर वाचली, पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला, आणि सगळं बाड उचलून आपल्या विभागाच्या केंद्राला पाठवून दिलं. चौदा वर्षं नेमानं पत्र लिहिणारा माणूस! त्या केंद्राला आयतीच बातमी मिळाली. मंगळवारी सकाळी एक बातमीदारबाई कॅमेरेवाल्याला घेऊन पोस्टमास्तरांच्या दारात हजर.

अँटेनावाला त्या वेळी दवाखान्याच्या छपरावर कामात होता. पोस्टमास्तरांनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं आणि अर्धा तास आत मुलाखत चालली. सासूबाईंनी दाराला कान लावला होता, पण त्यांच्या हाती लागलं ते शेवटचं एवढंच: "शुक्रवारी, साडेसहाला." त्यांनी ते बेकरीवाल्या काकूंना सांगितलं. काकूंना सांगणं म्हणजे गावात कर्णा लावणंच. तासाभरात सगळ्यांना कळलं की पोस्टमास्तर टीव्हीवर येणार आणि गल्लीनं ते पोस्टमास्तरांच्याच घरी बसून बघायचं.

पोस्टमास्तर भलतेच चिडले. "कशाला गावभर केलंस?" ते सासूबाईंवर ओरडले. "काही दाखवणार नाहीत ते. बोलावू नकोस कुणाला." सगळ्यांना वाटलं, लाजतायत.

शुक्रवारी दुपारी अँटेनावाल्यानं जेवणाचं ताट अर्धवट सोडलं. पोस्टमास्तर जन्मात एकदाच टीव्हीवर येणार, आणि गल्लीतल्या एकाही टीव्हीवर ते दिसणार नाहीत. फोनवर बघण्याची सोय त्या केंद्रानं अजून केलेली नव्हती. खुर्च्या मांडून माणसं बसणार, साडेसहा वाजणार, आणि नदीपलीकडच्या नगराध्यक्षांचं भाषण लागणार. म्हातारा सगळ्यांसमोर खोटा पडणार. शेवटी त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं.

बायको ताट पुसत होती, ती पुसतच राहिली. "अकरा वर्षं हे पोटात ठेवलंत? तुम्हाला अपचन कसं झालं नाही?"

"अगं, बाबांची अब्रू जाईल. चुकीचा पत्ता! बाबांना!"

"मग सांगा की चूक तुमची."

"माझी?"

"तुमचीच म्हणा. तुमच्या अब्रूला काय धाड भरलीय? निदान बाबा स्वतःला बघतील तरी."

बायको बोलली ते वर्मी लागलं, पण खोटं नव्हतं. म्हातारा रागावेल, गल्ली तोंडसुख घेईल, कदाचित पुढची काही वर्षं अँटेन्याची कामं दुसरा कोणी करेल. पण सासरे एकदा तरी टीव्हीवर दिसतील. सव्वापाचला त्यानं शिडी खांद्यावर टाकली आणि तो निघाला.

पोस्टमास्तरांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. न्हावी दुकान बंद करून इस्त्रीच्या शर्टात आलेला. बेकरीवाल्या काकूंनी बिस्किटांचा डबा आणलेला, आणि तो त्या कुणाच्याही हातात देत नव्हत्या. सगळे नटूनथटून, आणि ज्यांच्यासाठी हा थाट, ते पोस्टमास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत कोपरावर फाटलेल्या स्वेटरमध्ये, सुतकी चेहरा करून बसले होते.

शिडी पाहताच ते ताठ झाले. "ही कशाला?"

"बाबा, अँटेना जरा फिरवायचाय."

"काही फिरवायचा नाही! चालू टीव्हीला हात लावायचा नाही!"

अँटेनावाल्याची पाचावर धारण बसली. क्षणभर वाटलं, शिडी घ्यावी आणि निघून जावं. पण त्यानं एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं. "माझी चूक झाली. पहिल्या दिवशी मी अँटेना उलट्या टॉवरकडे लावला. हा शेजारच्या विभागाचा टॉवर. आपल्या बातम्या उत्तरेकडून येतात. तुमच्या सगळ्यांच्या घरीसुद्धा मीच चुकीचा लावलाय. बाबा आज टीव्हीवर आहेत, पण या टीव्हीवर दिसणार नाहीत."

मग एकदम भडका उडाला.

"चौदा वर्षं?" न्हावी उठून उभा राहिला. "चौदा वर्षं आम्ही त्या मेल्यांचा पूल बघतोय?"

"आणि मी कोरड्या रस्त्यानं छत्री मिरवतेय!" काकूंनी डब्याचं झाकण खाडकन लावलं. "मला तेव्हाच वाटलं होतं! उत्तरेकडेच होता माझा आधी!"

अँटेनावाला मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. तो वाट पाहत होता ती एकाच आवाजाची. पोस्टमास्तर आता काय बोलतील, कुठल्या शब्दांत सोलून काढतील, याची. पण पोस्टमास्तर त्याच्याकडे नुसते बघत होते.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "होतं असं. बसा तुम्ही. बातमी राहू द्या."

जावई चक्रावला. चहात साखर कमी पडली तरी पंधरा मिनिटं बोलणारा हा माणूस 'जाऊ द्या' म्हणतो? बरं नाही की काय यांना?

पण गल्ली कुठली जाऊ देते! "वर चढा आधी!" काकू गरजल्या. न्हाव्यानं स्वतः शिडी धरली. पोस्टमास्तर "अरे, राहू द्या, अरे, पडेल तो," असं म्हणत राहिले, पण त्या गोंगाटात त्यांचं कोण ऐकतो.

छपरावर आल्यावर अँटेनावाल्याला बरं वाटलं. इथं त्याला कळत होतं काय करायचं ते. पट्टी सैल केली, अँटेना नदीकडून डोंगराकडे वळवला. उत्तरेच्या टॉवरला काड्या उभ्या लागतात, त्या उभ्या केल्या. मीटरचा आकडा सरसर चढला आणि वर जाऊन थांबला. काय सिग्नल होता! चौदा वर्षं हा डोक्यावरून वाहून जात होता. त्यानं पट्टी आवळली तेव्हा सहा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

खाली आला तर नवीनच गोंधळ. चॅनेल पुन्हा शोधायचे तर रिमोट हवा, आणि रिमोट बेपत्ता. उशांखाली बघून झालं, बिस्किटांच्या डब्यामागे बघून झालं, काकूंनी न्हाव्याच्या खिशात हात घालूनही बघितला. पोस्टमास्तर तेवढे जागचे हलले नाहीत. शेवटी अँटेनावाल्यानं टीव्हीच्या पाठीमागचं बटण चाचपून शोध चालू केला. पडद्यावर आकडे चढू लागले. बारा टक्के. तीस टक्के. एकेचाळीसवर येऊन गाडी अडली. पुन्हा हलली. शंभर टक्के झाले तेव्हा साडेसहाला एक मिनिट कमी होतं.

"म्हणजे लागणार तर," पोस्टमास्तर खोल आवाजात म्हणाले.

बातम्या लागल्या. निवेदिका कधी न पाहिलेली, नकाशा कधी न पाहिलेला, आणि त्या नकाशात आपलं गाव! न्हाव्यानं टाळीच वाजवली. दोन बातम्या गेल्या, आणि तिसरीला पडद्यावर हीच खोली, हीच खुर्ची, आणि खुर्चीत कडक इस्त्रीच्या कोटात पोस्टमास्तर.

"अगंबाई!" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आजोबा," पडद्यावरची बातमीदारबाई विचारत होती, "तुमची एकशे त्रेसष्ट पत्रं चुकीच्या केंद्राला जात होती, हे आज कळल्यावर काय वाटलं?"

जावयानं चमकून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. म्हणजे मंगळवारपासून यांना माहीत होतं? खुर्चीतले पोस्टमास्तर छताकडे बघत होते.

"काय वाटणार, बाई," पडद्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले. "छत्तीस वर्षांत चुकीच्या पत्त्याचं एकही पाकीट माझ्या हातून पुढं गेलं नाही. लाज वाटली. दुसरं काय वाटणार?"

"अँटेना कुणी लावला होता?"

"जावयानं."

"मग चूक त्यांचीच की."

"अजिबात नाही, माझी चूक!" पडद्यावर पोस्टमास्तरांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "त्यानं बरोबर दिशा दाखवली होती. मीच म्हटलं, मला शिकवू नका. नवा होता, गप्प बसला. आणि त्याच्या कामात असली चूक अकरा-बारा वर्षं लपून राहणार नाही, बाई. त्याला केव्हाच कळलं असणार. पण त्यानं मला एका शब्दानं दुखवलं नाही. लोकांना वाटतं, भित्रा आहे. भित्रा नाही. गुणी पोरगा आहे. माझी लेक चांगल्या घरी पडली."

"हे त्यांना सांगितलंत कधी?"

"छे, छे! घरात सांगण्यासारखी गोष्ट आहे का ही? आणि तुमचा चॅनेल आमच्या गल्लीत एकाही माणसाला दिसत नाही, म्हणून तर इतकं बोलतोय."

बातमी संपली. निवेदिका हसत हसत हवामानाकडे वळली. न्हावी मघाशी जे जे बोलला होता ते आठवून खाली बघत होता. काकूंनी डबा उघडला आणि न बोलता अँटेनावाल्यापुढे धरला. त्याला एक बिस्कीटही दिसत नव्हतं, डोळे इतके भरून आले होते.

पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई. "अहो, म्हणजे तुम्हाला 'माझी चूक' म्हणता येतं? सत्तेचाळीस वर्षं मला वाटत होतं, जीभच वळत नाही तुमची."

"ते मी टीव्हीवर म्हटलंय," पोस्टमास्तर भडकले, "घरात नाही!" आणि रागानं ताडकन उठले. त्यांच्याखालून रिमोट खळकन जमिनीवर पडला.

मग काय, हसण्याचा जो पूर आला तो आवरेना. काकूंनी न्हाव्याच्या इस्त्रीच्या शर्टाला डोळे पुसले. पोस्टमास्तर कानांपर्यंत लाल झाले होते. त्यांनी काठी उचलली आणि ती छताकडे रोखली.

"जावईबापू! वर चढा आणि होता तसा करा तो अँटेना. आत्ताच्या आत्ता!"

सवयीनं अँटेनावाला उठला. शिडीपर्यंत गेलासुद्धा. एक पाय पायरीवर ठेवला, आणि थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बायको दारात उभी होती. त्याचं काळीज धडधडत होतं, छपराच्या कडेवर कधी धडधडलं नव्हतं तसं. त्यानं पाय खाली घेतला.

"नाही, बाबा," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"नाही फिरवणार. टॉवर उत्तरेला आहे."

पोस्टमास्तर त्याच्याकडे बघत राहिले. काठी हळूहळू खाली आली. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची उशी उचलून बाजूला टाकली.

"मग उभा का?" ते म्हणाले. "बस. हवामान ऐकू दे."